कुंडीखालचा गोलंदाज

मृगाचे दोन पाऊस पडून गेले आणि तिसऱ्या दिवशी आमच्या नागपूरच्या धंतोलीतल्या घरात स्फोट झाला. मागच्या अंगणात मोगऱ्याची कुंडी सरकवायला नातू गेला होता. "फट्" असा आवाज आला आणि पाठोपाठ त्याची किंकाळी. आमच्या गल्लीत घरटी एक दवाखाना, ॲम्ब्युलन्स दिवसरात्र वाजतात, त्यामुळे किंकाळीचं इथे कुणाला फारसं वाटत नाही. पण ही किंकाळी घरातली होती. मी टॉर्च घेऊन धावलो.

"आबा, त्या किड्यानं माझ्यावर धूर सोडला!"

त्यानं बोट पुढे केलं. टोकावर पिवळसर तपकिरी डाग, हळदीचा हात साबणानं धुतल्यावर राहतो तसा. वास उग्र. चटका बसला होता, पण फोड नव्हता. धाकटी नात मागून डोकावून पाहत होती आणि भावाला काहीतरी झालं याचा तिला जरा आनंदच झालेला दिसत होता.

कुंडी पुन्हा हळूच उचलली. खाली ओली माती, दोन गांडुळं आणि कडेला तो बसलेला. लांबीला अंगठ्याच्या नखाएवढा. डोकं आणि मान नारिंगी-पिवळी, पाठ काळी, तिच्यावर पिवळे ठिपके. पाठीवरचं कवच मागे एकदम कापल्यासारखं. शिंप्यानं कोट आखूड शिवला की शर्ट खालून डोकावतो ना, तसं त्याचं पोट मागून बाहेर आलेलं. टॉर्चचा उजेड पडताच तो पळाला. उडाला नाही, पळाला, आणि तेही असा की धाकटी दोन पावलं मागे सरकली.

"गोलंदाज आहे हा," मी म्हटलं.

"फास्ट का स्पिन?" बोट फुंकता फुंकता नातवानं विचारलं.

"अरे, तो गोलंदाज नाही. तोफेवरचा. जुन्या फौजेत तोफ डागणाऱ्याला गोलंदाज म्हणत."

मग ओसरीवर बसून त्याची तोफ समजावून सांगणं आलं. या भुंगेऱ्याच्या पोटाच्या टोकाशी दोन जोडखोल्या असतात. मागच्या खोलीत दोन रसायनं एकत्र भरून ठेवलेली. एक हायड्रोजन पेरॉक्साइड. तुझ्या गुडघ्याला खरचटलं की आजी कापसानं लावते आणि पांढरा फेस येतो, तेच. दुसरं हायड्रोक्विनोन. माझ्या तरुणपणी फोटो स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायचे, त्या पाण्यात हे असायचं. दोघं शेजारी शेजारी गुमान बसतात, भांडत नाहीत. पुढची खोली जाड भिंतीची. तिच्यात विकरं, म्हणजे भांडण लावून देणारे मध्यस्थ. शत्रू आला की हा मागची खोली आवळतो, मिश्रण पुढच्या खोलीत शिरतं आणि मध्यस्थ कामाला लागतात. पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन सुटतो, मिश्रण शंभर अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे चहाच्या आधणाइतकं तापतं आणि फट्!

"मग त्याचंच पोट कसं नाही भाजत?"

प्रश्न चांगला होता. अमेरिकेतल्या थॉमस आइस्नर नावाच्या शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी आफ्रिकेतल्या अशाच एका भुंगेऱ्यावर प्रयोग केले. त्यांना दिसलं की हा फवारा सलग नसतोच. सेकंदाला पाचशेच्या आसपास छोटे छोटे ठोके. स्फोट झाला की त्याच्याच दाबानं मधली झडप बंद होते, दाब उतरला की उघडते, पुन्हा थोडा माल आत. म्हणजे तापायला आणि निवायला दोन्हींना वेळ मिळतो. आणि गुडघ्यावर पेरॉक्साइड फसफसतं ते का? आपल्या रक्तातही तसाच एक मध्यस्थ आहे, कॅटॅलेज त्याचं नाव. म्हणजे बाबू, तुझ्या गुडघ्यात आणि याच्या तोफेत एक माणूस कॉमन आहे.

हे ऐकून बोटाचा चटका बराच कमी झाला.

चार्ल्स डार्विनचंही असंच झालं होतं. केंब्रिजला शिकत असताना त्याला भुंगेरे गोळा करण्याचं वेड. एकदा झाडाची साल सोलताना दोन सापडले, दोन्ही हातांत एकेक धरला, तेवढ्यात तिसरा, नवाच दिसला. हात तर दोनच. तेव्हा त्यानं उजव्या हातातला तोंडात टाकला. त्या किड्यानं जिभेवर जे काही सोडलं, त्यानं जीभ पोळली, तो थुंकावा लागला आणि त्या नादात तिसराही निसटला. उत्क्रांतीचा सिद्धान्त पुढे याच माणसानं मांडला. म्हणून म्हणतो, लहानपणचा मूर्खपणा कधी वाया जात नाही. (हे वाक्य आमच्या हिला आवडलं नाही. मुलं आता किडे तोंडात घालतील म्हणाली.)

हे भुंगेरे कॅराबिडी कुळातले. जगात त्यांच्या चाळीस हजारांच्या आसपास जाती. भारतातल्या जातींवर एच. ई. अँड्र्यूज नावाच्या वनखात्यातल्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1929 आणि 1935 साली दोन जाडजूड खंड लिहिले. आपल्याकडे यांतला सगळ्यात रुबाबदार म्हणजे सहा ठिपक्यांचा. बोटाच्या दोन पेरांएवढा, काळाकुळकुळीत, पाठीवर सहा पांढरे ठिपके, जणू लुडोचा फासा चालत निघालाय. त्याच्याकडे आधण नाही, पण मुंगळ्याच्या डंखात असतं ते फॉर्मिक ॲसिड आहे आणि नेम चांगला आहे.

आमच्या शेतावर मात्र या सगळ्यांना एकच नाव, काळा किडा. आणि दिसला की चपलेखाली. यात शेतकऱ्याचा दोष मी धरत नाही. मृगात दिव्याभोवती जे तपकिरी भुंगेरे येऊन आपटतात ते हुमणीचे. दिवसा मातीत दडतात, रात्री कडुनिंबाचा, बाभळीचा पाला खातात, मातीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या पिकाची मुळं कुरतडतात. एकदा त्यांनी घात केला की माणूस प्रत्येक भुंगेऱ्याकडे त्याच नजरेनं पाहतो. पण ओळख सोपी आहे. हुमणीवाला गोलमटोल, धडपड्या, उलटा पडला की पाय हलवत राहतो. आपला काळा किडा चपटा, लांब पायांचा, मिशा दोऱ्यासारख्या, आणि जबडे पुढे आलेले, सुपारीच्या अडकित्त्यासारखे. रोपं रात्रीतून कापणाऱ्या अळ्या, गोगलगाई, इतर किड्यांची अंडी हे याचं जेवण. काही जाती तणाचं बीही फोडून खातात. दिवसभर ढेकळाखाली, रात्री गस्तीवर.

"मग आपल्या शेतात किती आहेत?" धाकटीनं विचारलं.

आता आली का पंचाईत!

आमचं शेत वर्धा रोडवर, केळझरच्या बाजूला. धाकटा भाऊ बघतो. सात-आठ वर्षांपासून त्यानं रासायनिक खत, औषध सगळं बंद केलंय. शेणखत, जीवामृत, निंबोळी अर्क. शेजारचा शेतकरी, म्हणजे नात्यानं आमचा दूरचा पुतण्या, फवारणीवाला. दोघांची चहाला बसले की रोज जुगलबंदी. रविवारी मुलांना घेऊन निघालो. वाटेत वर्धा रोडवर केंद्रीय कापूस संशोधन संस्था लागली. ती 1976 साली सुरू झाली. मुलांना म्हटलं, कापसाच्या बोंडअळीशी आपल्या देशानं केलेली निम्मी लढाई या कुंपणाच्या आत लढली गेलीय. 2002 साली बीटी कापूस आला, हिरव्या अळीवरच्या फवारण्या उतरल्या, सगळ्यांना वाटलं जिंकलो. मग गुलाबी बोंडअळी त्या बीटीलाही सरावली. 2017 च्या हंगामात ती विदर्भभर उसळली आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. पंप पाठीवर, तोंडाला साधा रुमाल, पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली. माणसाचं असं झालं तिथे ढेकळाखालच्या किड्याचं काय झालं असेल, हे मोजायला तेव्हा कुणाला सुचलं असतं? गाडीत थोडा वेळ कुणी बोललं नाही.

शेतात काळा किडा मोजायची युक्ती फार सोपी आहे. टपरीवरून प्लास्टिकचे ग्लास आणले. जमिनीत खड्डा करून ग्लास असा पुरायचा की काठ मातीच्या बरोबर यावा, तसूभरही वर नको. रात्री गस्त घालणारा येतो आणि थेट आत. वर तीन खड्यांवर पत्र्याचा तुकडा, पाऊस आत जाऊ नये म्हणून. जगभरचे शास्त्रज्ञ असेच सापळे लावतात. फक्त त्यांच्या ग्लासांवर आकडे असतात, आमच्यांवर चहाचे डाग होते.

दोन ग्लास आमच्या शेताच्या मधोमध, दोन पुतण्याच्या, आणि दोन त्याच्या पलीकडच्या धुऱ्यालगत, म्हणजे बांधालगत. या धुऱ्याची वेगळीच कथा आहे. पुतण्या आणि त्याचा चुलतभाऊ यांचा या धुऱ्यावरून कोर्टात वाद आहे. कुणी कुणाचा धुरा कोरला हे ठरेपर्यंत दोघांपैकी कुणीही त्याला हात लावत नाही. त्यामुळे झालंय असं की बाकी सगळ्यांचे धुरे वखरावखरात वीतभर उरलेत आणि हा मात्र चांगला आठ-दहा हात रुंद. त्यावर कुंद्याचं गवत, बोरी, पळसाची खोडं, तरोटा, मुंग्यांची वारुळं. साप आहे म्हणून पोरं जात नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आणि पुतण्या दोघंही हजर. पैज लागली होती बहुतेक, मला कुणी सांगितलं नाही.

पुतण्याच्या शेतातल्या ग्लासात काही मुंग्या आणि एक बुडालेला रातकिडा. आमच्या शेतातल्या ग्लासात मुंग्या, दोन कोळी आणि एकच काळा किडा. भावाचा चेहरा पडला. मग धुऱ्यालगतचे ग्लास काढले. नातू ओरडलाच. तळाशी काळे किडे एकमेकांवर चढत होते, त्यांत दोन आपले पिवळे ठिपकेवाले गोलंदाज. ग्लास हलवला तसा "फट्, फट्" आवाज झाला आणि वाफ निघाली.

"म्हणजे कोर्ट जिंकलं," धाकटी म्हणाली.

भाऊ चिडला. "सात वर्षं औषधाचा थेंब नाही टाकला, अन् हे काय होऊन राहिलं?"

मी त्याला सांगितलं की सहा ग्लास आणि एक रात्र म्हणजे शास्त्र नव्हे. शास्त्र काय असतं ते स्वित्झर्लंडमध्ये बघ. बासेलजवळ थेरविल म्हणून गाव आहे. तिथे 1978 पासून एकाच जमिनीत शेजारी शेजारी सेंद्रिय आणि रासायनिक तुकडे पेरतात, तीच पिकं, तोच फेरपालट. एकवीस वर्षांचा हिशेब 2002 साली त्यांनी मांडला. सेंद्रिय तुकड्यांत पीक सरासरी वीस टक्क्यांनी कमी आलं, पण जमिनीवर फिरणारे शिकारी, म्हणजे हे भुंगेरे, त्यांचे भाऊबंद आणि कोळी, जवळपास दुप्पट सापडले. थेरविलचा प्रयोग चालवणाऱ्या स्विस संस्थेनंच 2007 पासून आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, काळ्या मातीत कापूस-सोयाबीनचा असाच प्रयोग लावलाय. पहिल्या फेरीत सेंद्रिय कापूस बराच मागे पडला, दुसऱ्या फेरीत ते अंतर राहिलं नाही.

"मग?" भाऊ म्हणाला. म्हणजे माझं बरोबर ना, असा त्याचा सूर.

मग एवढंच की 2005 साली स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी असे कितीतरी अभ्यास एकत्र मांडले. सरासरीनं सेंद्रिय शेतात जीवांच्या जाती तीस टक्के जास्त भरल्या, पण सोळा टक्के अभ्यासांत उलटंच दिसलं. कारण काळा किडा पाटी वाचत नाही. त्याच्या दृष्टीनं प्रश्न तीन. एक, अंगावर विष पडतं का. दोन, त्याची अंडी-अळ्या ज्या मातीत महिनोन्‌महिने पडून असतात ती माती कितीदा उलथली जाते. तीन, ऊन तापलं, शेत उघडं पडलं, की जायचं कुठे. पहिल्या प्रश्नात भाऊ पैकीच्या पैकी. दुसऱ्यात? तणनाशक नाही म्हणून तो दर दहा-बारा दिवसांनी डवरे धरतो. तण जातं खरं, पण त्याबरोबर मातीतल्या अळ्याही वर येतात आणि बगळे मागून चालतच असतात. तिसऱ्यात तर शून्य. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा धुरा साफ करून दोन तासं वाढवली होती. कापसाची दोन तासं!

पुतण्या हसायला लागला. त्यालाही सोडला नाही. त्याच्या शेतात जे काही शिल्लक होतं ते कोर्टाच्या कृपेनं होतं, त्याच्या नव्हे.

सुभाष पाळेकरांचं नाव इथे भावानं काढलंच. अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, 2016 चे पद्मश्री. ते स्वतः तर सेंद्रिय शेतीलाही नावं ठेवतात, त्यांची नैसर्गिक शेती वेगळी. त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही, पण ते आच्छादनावर जो भर देतात, त्याला काळ्या किड्यानं दोन्ही मिशा वर करून मत दिलं असतं. पऱ्हाटीच्या ओळींत काडीकचरा पसरलेला असला की त्याला दिवसभराचं छप्पर मिळतं.

चहा झाल्यावर मुलांना गोगलगाईची गोष्ट सांगितली, कारण पुतण्याच्या ओसरीत सोयाबीनची पोती होती आणि बियाण्याला औषधाचा रंग चढवलेला. हल्ली पेरायच्या आधीच बियाण्याला कीटकनाशक चोळलेलं असतं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या सोयाबीनमध्ये शेतकऱ्यांचा खरा वैरी होता बिनशंखाची गोगलगाय. तिनं ते औषध लावलेल्या बियांची कोवळी रोपं खाल्ली. तिला काही झालं नाही, कारण ते औषध कीटकांसाठी होतं आणि गोगलगाय काही कीटक नव्हे. मग काळा किडा आला, त्यानं त्या गोगलगाई खाल्ल्या आणि लुळा पडला. साठ टक्क्यांहून जास्त भुंगेरे मेले तरी किंवा निकामी झाले. पहारेकरीच आडवा झाला, गोगलगाई वाढल्या, आणि औषध लावलेल्या शेतातलं उत्पन्न पाच टक्क्यांनी घटलं. 2015 साली हे छापून आलं. म्हणजे कुलूप विकत घ्यायचं आणि त्या पैशांत राखणदाराला जेवणातून विष घालायचं, तशातला प्रकार.

"आपल्याकडे पण गोगलगाई आल्या होत्या ना?" नातू म्हणाला. आल्या होत्या. 2022 च्या जुलैमध्ये लातूर, बीड, धाराशिवकडे शंखी गोगलगाईंनी सोयाबीनची उगवण रातोरात चाटूनपुसून खाल्ली, बायाबापे बादल्या घेऊन वेचायला शेतात उतरले. तिथे काळे किडे कमी झाले होते म्हणून असं झालं, असं मी म्हणणार नाही. पाऊस, ओलावा, शंभर कारणं असतात. पण पेनसिल्व्हेनियाची गोष्ट ऐकून पुतण्यानं पोत्याकडे एकदा पाहिलं, एवढं मी पाहिलं.

निघताना भावाला म्हटलं, इंग्लंडात 1980 नंतरच्या दशकात शास्त्रज्ञांनी मोठ्या शेतांच्या मधून मुद्दाम मातीचे वरंबे काढले, कमरेच्याही खालचे, आणि त्यांवर गवताचे ठोंब लावले. दुसऱ्याच हिवाळ्यात चौरस मीटरमागे हजाराहून जास्त शिकारी किडे-कोळी त्यात मुक्कामाला आले. वसंतात तिथून उतरून पिकात गस्तीला. ते त्याला भुंगेऱ्यांचा बांध म्हणतात. आपल्या आजानं तो बांधूनच दिला होता, आपण तो कोरून खाल्ला.

"दोन तासं म्हणजे किती कापूस होतो माहीत आहे का तुला?" भाऊ म्हणाला. त्याचंही खरं आहे. धंतोलीत बसून धुरा रुंद ठेवा म्हणायला माझं काय जातं? मी गप्प बसलो. पण पुढच्या महिन्यात त्याचा फोन आला, पूर्वेकडच्या धुऱ्यालगत पाच फूट सोडलेत म्हणाला, गवत आपोआप येऊन राहिलंय. आणि पुतण्या आता कोर्टात तडजोड करायला तयार नाही म्हणे, तो धुरा तसाच राहू दे म्हणतो.

इकडे घरी वेगळंच प्रकरण. पावसात मागच्या अंगणात चिखल होतो म्हणून आमच्या हिनं गट्टू बसवायचं ठरवलं होतं, मिस्त्रीला ॲडव्हान्सही देऊन झाला होता. मिस्त्री सकाळी आला, दोरी लावून मोजमाप घेतलं आणि ओट्यावर येऊन म्हणाला, "साहेब, पोरांनी भिंतीकडून दोन फूट जागा सोडायला सांगितली. मोगऱ्याच्या कुंड्या तिथंच ठेवा म्हणतात, उचलायच्या नाही म्हणतात. पाणी मुरून भिंत ओली होईल. काय आहे तिथं?"

मी काही बोलायच्या आत धाकटी आतून ओरडली, "काका, तो धुरा आहे."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. गाव त्याचं हिंगण्याकडचं. "मग ठीक आहे," म्हणाला, आणि दोरी दोन फूट अलीकडे घेतली. पैसे मात्र पूर्ण अंगणाचेच लागतील, हे त्यानं जाता जाता सांगितलं.